गिऱ्हाईक जादा पैसे द्यायला तयार आहे, पण भरवसा कोण देणार?

"पर्यावरण वगैरे सगळे ठीक आहे, पण गिऱ्हाईक त्यासाठी एक पैसाही जादा देणार नाही." कापडबाजारात हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकतो की त्याला आता म्हणीचा मान मिळाला आहे. भिवंडीचा मागवाला ते म्हणतो, मालेगावचा साइझिंगवाला म्हणतो आणि मुंबईचा आडत्याही मान डोलावतो. वास्तविक आपण व्यापारी माणसे कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय घेत नाही. तागा उलगडून पन्हा मोजतो, वीण पाहतो, कोपरा ओला करून रंग जातो का ते बघतो. मग गिऱ्हाइकाच्या मनाबद्दलचे हे विधान मात्र आपण न मोजता, न तपासता कसे काय स्वीकारले, याचा विचार व्हायला हवा.

हवामान बदल रोखण्यासाठी सामान्य माणूस आपल्या सवयी बदलायला आणि पदरचे पैसे खर्च करायला तयार आहे काय, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जगभर बरीच पाहणी झाली आहे. काही देशांत प्रत्यक्ष कर लावून आणि मतदान घेऊनही लोकांची तयारी जोखली गेली. त्यातून निघालेली माहिती आपल्या धंद्याच्या उपयोगाची आहे, म्हणून ती वाचक बांधवांपुढे ठेवत आहोत.

आपल्या धंद्याशी याचा संबंध काय?

कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि तो उष्णता धरून ठेवतो, एवढे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कापडाच्या धंद्यात हे जाळणे मुख्यतः दोन ठिकाणी होते. एक म्हणजे मागाला लागणारी वीज. आपल्या देशातील बहुतांश वीज आजही कोळशावर तयार होते. दुसरे ठिकाण म्हणजे साइझिंग आणि प्रोसेसिंगचा बॉयलर, ज्यात कोळसा, लाकूड किंवा मिळेल ते जळण जाते. सूत भिजवून सुकवणे, कापड धुणे, रंगवणे, पुन्हा सुकवणे, या प्रत्येक कामाला वाफ लागते आणि वाफेला जळण लागते.

याचा उलटा फटकाही आपल्यालाच बसतो. मालेगावात उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या छपराखाली, चालू मागांच्या गरमीत, बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कारागिराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाऊस लांबला किंवा वेचणीच्या वेळी अवकाळी पडला की कापूस बिघडतो, सुताचा भाव हलतो आणि ज्याने जुन्या भावाने कापडाचा सौदा केला आहे तो अडकतो.

शिवाय आता परदेशी खरेदीदारांची विचारपूस वाढत चालली आहे. युरोपीय संघाने २०२४ साली टिकाऊ मालासंबंधीचा नवा कायदा अमलात आणला. मालाबरोबर त्याची जन्मकुंडली सांगणारा 'डिजिटल पासपोर्ट' देण्याची तरतूद त्यात आहे आणि ज्या मालांकडे प्रथम लक्ष दिले जाणार आहे त्यांत कपड्यांचा समावेश आहे. आपले ग्रे कापड दोन-तीन हातांतून फिरून निर्यातीच्या कपड्यात जात असेल, तर ही विचारपूस आज ना उद्या आपल्या पेढीपर्यंत येणार हे ओघाने आलेच. तेव्हा सुधारणेचा खर्च टळणार नाही. तो कोणाच्या अंगावर पडणार, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

सव्वा लाखांहून अधिक लोकांचे उत्तर

जर्मनी आणि डेन्मार्कमधील विद्यापीठांत व संशोधन संस्थांत काम करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी २०२१-२२ मध्ये १२५ देशांतील सुमारे १ लाख ३० हजार लोकांना एक साधा प्रश्न विचारला. तापमानवाढ रोखण्यासाठी तुम्ही घरच्या मासिक उत्पन्नातील एक टक्का रक्कम दर महिन्याला द्याल काय? म्हणजे २० हजारांच्या घरातून २०० रुपये. या पाहणीचे निष्कर्ष २०२४ च्या सुरुवातीला 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १०० पैकी ६९ जणांनी 'हो' म्हटले. आणखी ६ जण म्हणाले की एक टक्का जमणार नाही, पण त्याहून थोडे कमी देऊ. सरकारने याबाबतीत अधिक काम करावे, असे ८९ टक्के लोकांचे म्हणणे पडले.

यापुढचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. त्याच लोकांना असेही विचारण्यात आले की, तुमच्या देशातील १०० पैकी किती माणसे एक टक्का द्यायला तयार होतील असा तुमचा अंदाज आहे? सरासरी उत्तर आले ४३. म्हणजे तयार माणसे ६९ आणि लोकांचा एकमेकांबद्दलचा अंदाज ४३. पाहणी झालेल्या प्रत्येक देशात अंदाज हा वस्तुस्थितीपेक्षा कमीच निघाला. मी द्यायला तयार आहे, पण शेजारी देणार नाही, असे जो तो समजतो आहे.

हा प्रकार बाजारातील माणसाला नवा नाही. मंदीची नुसती हवा पसरली की प्रत्येक दुकानदार हात आखडता घेतो. गिऱ्हाईक असते, गरज असते, पैसाही असतो. पण दुसरा कोणी माल उचलत नाही अशी समजूत पसरल्यामुळे कोणीच माल उचलत नाही आणि अखेरीस खरोखर मंदी येते. पर्यावरणाच्या बाबतीत जगभर अशीच 'हवा' पसरली आहे. पाहणीत हेही दिसले की, इतर लोक वाटा उचलत आहेत असे ज्यांना वाटते ते स्वतः द्यायला अधिक राजी असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. श्रीमंत आणि थंड देशांपेक्षा गरीब आणि उष्ण देशांतील लोकांची तयारी अधिक दिसून आली. गरिबाला पर्यावरण परवडत नाही, हा समज इथे टिकत नाही. ज्याच्या अंगाला चटका बसतो त्याला इलाजाची किंमत कळते.

तोंडी 'हो' आणि गल्ल्यातील रोकड

आता कोणीही अनुभवी दुकानदार म्हणेल की, तोंडी 'हो' म्हणणे वेगळे आणि गल्ल्यात पैसे पडणे वेगळे. हा आक्षेप रास्त आहे. 'मागाहून येऊन घेतो' म्हणून गेलेली गिऱ्हाइके आम्हीही हजारो पाहिली आहेत. म्हणून प्रत्यक्ष पैसे मागितल्यावर काय घडले, याची तीन देशांतील उदाहरणे पाहू.

फ्रान्समध्ये पर्यावरणाच्या नावाखाली इंधनावरील कर वाढत गेला. जानेवारी २०१९ पासून डिझेलवर लिटरमागे आणखी साडेसहा सेंट चढणार होते. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी पिवळी जाकिटे घातलेली लाखो माणसे रस्त्यावर आली. त्यांत लहान गावांतून मोटारीने कामावर जाणारी, महिनाअखेरीस ओढाताण होणारी माणसे पुष्कळ होती. त्याच वर्षी सरकारने धनिकांवरील संपत्ती कर रद्द करून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. धनिकाला सूट आणि कष्टकऱ्याला भुर्दंड, असा लोकांनी त्याचा अर्थ लावला. सरकारला करवाढ मागे घ्यावी लागली.

स्वित्झर्लंडमध्ये अशा कायद्यांवर जनतेचे मत घेतले जाते. जून २०२१ मध्ये इंधन महाग करणारा आणि विमानाच्या तिकिटांवर आकार बसवणारा कायदा मतदारांपुढे आला. ५१.६ टक्के लोकांनी तो फेटाळला. दोनच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, दुसरा कायदा आला. त्यात नवा कर नव्हता. घरातील तेलावर चालणारी जुनी तापनयंत्रे बदलण्यासाठी दहा वर्षांत २०० कोटी फ्रँकची मदत होती आणि उद्योगांसाठी निराळी रक्कम होती. तो ५९.१ टक्के मतांनी मंजूर झाला. मदतीचा पैसाही शेवटी जनतेच्याच तिजोरीतला. परंतु तो कुठे जाणार आणि हातात काय पडणार, हे लोकांना दिसत होते.

कॅनडाची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेथील केंद्र सरकारने २०१९ पासून अनेक प्रांतांत इंधनावर कार्बनचा आकार लावला आणि जमा रकमेचा बहुतेक भाग कुटुंबांना परत दिला. परंतु पंपावर जाणारे पैसे दर वेळी डोळ्यांना दिसत आणि परत येणारी रक्कम बँकेत गुपचूप जमा होई. पुष्कळांना ती कशाची आहे हेच कळत नसे. लोकांची नाराजी वाढत गेली आणि १ एप्रिल २०२५ पासून सर्वसामान्य ग्राहकांवरील हा आकार शून्य करण्यात आला. हिशेब बरोबर होता, पण हिशेबाची पावती गिऱ्हाइकाच्या हाती नीट पोहोचली नाही.

सांगायचे तात्पर्य, माणूस पैसे देतो. मात्र तो तीन गोष्टी पाहून देतो. ओझे सर्वांवर सारखे आहे काय, पैसा कुठे जातो, आणि बदल्यात हातात काही येते काय.

सवयी कशा बदलतात

सवयींची गोष्टही अशीच आहे. आयर्लंडमध्ये मार्च २००२ मध्ये दुकानातील प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट आकार लावला गेला. तोवर तेथे माणशी वर्षाला ३२८ पिशव्या लागत. आकार लागल्यावर हा आकडा २१ वर आला. रक्कम क्षुल्लक होती, पण सर्व दुकानांत एकाच दिवशी लागू झाली आणि पावतीवर वेगळी दिसू लागली. आपल्या महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड असल्यामुळे आम्ही दुकानदार घाबरलो, कापडी पिशव्या निघाल्या, गिऱ्हाइकेही घरून पिशवी आणू लागली. पुढे तपासणी सैल झाली आणि पातळ पिशव्या परत आल्या. शेजारच्या दुकानात पिशवी मिळते म्हटल्यावर एकट्याने नियम पाळणारा दुकानदार मूर्ख ठरतो. सवय मोडली ती इथे.

याउलट आपल्याच देशातील दोन चांगली उदाहरणे आहेत. २०१५ च्या जानेवारीत 'उजाला' योजना सुरू झाली. २०१४ च्या आरंभी सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब एकगठ्ठा खरेदीमुळे २०१६ पर्यंत ४० रुपयांच्याही खाली आला. काही राज्यांत तो महिना १० रुपयांच्या हप्त्याने विजेच्या बिलातून वसूल होई. ३६ कोटींहून अधिक बल्ब या योजनेतून घरोघर गेले. इथे कोणालाही त्याग करावा लागला नाही. नवी सवय जुनीपेक्षा स्वस्त पडली आणि तिची वाट सोपी करून दिली गेली.

दुसरे उदाहरण गॅसच्या सबसिडीचे. २०१५ साली सरकारने ऐपतदार कुटुंबांना सबसिडी आपखुशीने सोडण्याचे आवाहन केले. साधारण वर्षभरात एक कोटीहून अधिक कुटुंबांनी ती सोडली. तुम्ही सोडलेल्या पैशातून गरीब घरातील चूल जाऊन गॅस येईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. पैशाची वाट दिसली म्हणून इतके हात पुढे आले.

एका शर्टाचा हिशेब

आता आपल्या धंद्याकडे वळू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत.

समजा, दुकानात एक शर्ट ६०० रुपयांना विकला जातो. त्याला सव्वादोन मीटर कापड लागते. प्रोसेसिंगवाल्याने बॉयलरचे जळण बदलले, वाफेच्या नळ्या दुरुस्त केल्या, सांडपाण्याची व्यवस्था केली आणि त्याचा खर्च मीटरमागे १ रुपयाने वाढला. शर्टामागे वाढ झाली सव्वादोन रुपये. मधल्या हातांनी आपापला नफा चढवून गल्ल्यावर ती ५ रुपये झाली, असे धरले तरी ६०० रुपयांच्या शर्टावर हा बोजा एक टक्क्याच्या आत राहतो. शर्ट घेणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही.

आता तोच १ रुपया प्रोसेसिंगवाल्याच्या वहीत पाहा. त्याचा दर समजा मीटरला १२ रुपये आहे. त्याच्यासाठी ही आठ टक्क्यांहून अधिक वाढ झाली, आणि कदाचित तेवढाच त्याचा सगळा नफा असेल. त्याने १३ रुपये मागितले की व्यापारी १२ वाल्याकडे जातो. मजुरीवर माग चालवणाऱ्याची गत याहून वाईट. मीटरमागे काही पैशांसाठी त्याला दहा चकरा माराव्या लागतात.

अडचणीचे मूळ इथे आहे. पैसे द्यायची तयारी साखळीच्या एका टोकाला, दुकानाच्या गल्ल्यावर आहे आणि खर्च दुसऱ्या टोकाला, बॉयलरच्या तोंडाशी आहे. मधले आपण सगळे घासाघीस करणारे. गिऱ्हाइकाचे ५ रुपये मागे सरकत सरकत बॉयलरपर्यंत पोहोचत नाहीत आणि मग आपणच म्हणतो की गिऱ्हाईक देत नाही.

अमानत सांभाळली नाही तर

पैसे मागे पोहोचवण्याची व्यवस्था झाली, तरी एक धोका उरतो. चांगल्या कामाच्या नावावर घेतलेला जादा पैसा ही अमानत असते. ती बिघडली की बाजार बिघडतो. भारत हा सेंद्रिय कापूस पिकवणारा जगातील एक प्रमुख देश आहे. २०२० साली सेंद्रिय कापडासाठी प्रमाणपत्राचे नियम ठरवणाऱ्या 'ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड' या जागतिक व्यवस्थेने जाहीर केले की, भारतातून सुमारे २० हजार टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. ११ कंपन्यांवर बंदी आली. गैरकृत्य मोजक्यांनी केले, पण परदेशी खरेदीदार भारतीय मालाच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहू लागला. खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याला आणि खऱ्या व्यापाऱ्याला आपला खरेपणा पुन्हा सिद्ध करत बसावे लागले.

सरकारचा हिशेबही या कसोटीवर पाहावा लागेल. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झाला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. विजेच्या बिलातून तो तुम्ही-आम्ही सर्वांनी भरला. जमा रकमेचा मोठा हिस्सा स्वच्छ ऊर्जेच्या निधीपर्यंत पोहोचलाच नाही. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवण्यात आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर काढून कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला. लोक पैसे देत होते. कशासाठी देत आहोत, हे त्यांना कोणी सांगितले नाही. असा पैसा गेला की पुढच्या वेळी हात आखडतो.

आपण काय करू शकतो?

१. आधी मोजा. महिन्याचे विजेचे युनिट आणि जळणाचे टन यांना त्या महिन्यात निघालेल्या मीटरांनी भागा. हजार मीटरमागे किती वीज आणि किती जळण लागते, हा आकडा प्रत्येक कारखानदाराला सुताच्या भावासारखा तोंडपाठ हवा. खरेदीदार उद्या हाच आकडा मागणार आहे.

२. ज्यात पैसे वाचतात ते प्रथम करा. वाफ गळणारी नळी, उघडा पडलेला गरम पाइप, जुनी जळालेली आणि पुन्हा भरलेली मोटर ही सर्व पैसे खाणारी भोके आहेत. ती बुजवण्यासाठी गिऱ्हाइकाकडे काही मागावे लागत नाही.

३. जे एकट्याला झेपत नाही ते मिळून करा. सांडपाण्याचे सामाईक केंद्र, छपरावरील सौर वीज, चांगल्या बॉयलरसाठी कर्ज, यांसाठी संघटनेमार्फत प्रयत्न केला तर खर्च वाटला जातो. एकटा सुधारणारा मार खातो, हे पिशवीच्या बाबतीत आपण पाहिलेच.

४. जेवढे सिद्ध करता येईल तेवढेच लेबलवर लिहा. 'पर्यावरणपूरक' हा शब्द छापणे सोपे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, तेव्हा पुरावा नसलेला शब्द अंगाशी येऊ शकतो. 'हे कापड अमुक गावी, अमुक जळणाच्या वाफेवर रंगवले' एवढे खरे वाक्य पुष्कळ आहे.

५. जादा रक्कम बिलात वेगळी दाखवा आणि ज्याच्यासाठी घेतली त्याला पोहोचवा. दुकानदाराने मीटरमागे रुपया घेतला असेल तर प्रोसेसिंगवाल्याच्या चलनावरही तो दिसला पाहिजे.

६. टिकाऊपणा विका. एक कपडा दुप्पट दिवस अंगावर राहिला तर दुसरा विणण्याची, रंगवण्याची वीज आणि वाफ वाचते. आपल्या समाजात पिढीजात दर्जी, रफूगर, रंगरेज आहेत. विकलेल्या कपड्याची शिलाई, रफू, पुन्हा रंगाई करून देण्याची सोय दुकानातच ठेवली तर गिऱ्हाइकाची सवय बदलेल आणि कारागिराला रोजी मिळेल.

येत्या ईदच्या हंगामात प्रत्येक व्यापारी बांधवाने निदान एका मालावर हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. एकच प्रकार निवडा, त्याची खरी माहिती ताग्यावर लावा, जादा रक्कम बिलात उघडपणे दाखवा आणि हंगाम संपल्यावर वही उघडून पाहा. किती जणांनी घेतला, किती जणांनी परत ठेवला, किती जणांनी चार प्रश्न विचारले, हे लिहून ठेवा. गिऱ्हाईक देत नाही, असे त्यानंतरही दिसले तर तसे खुशाल म्हणावे. तोवर मात्र त्याच्या नियतीवर बोट ठेवण्याआधी आपले माप, आपले लेबल आणि आपली पावती चोख आहे की नाही, ते आपणच तपासून घ्यावे.